जिता धरून

२ ऑक्टोबर, अकोला

ही वही मॅडमनी इंग्रजी लिहायला दिली आहे आणि मी पहिल्याच पानावर मराठीत सुरू झालो आहे. त्यांना दाखवायची पानं मागून लिहीन. पुढची माझी.

मॅडम म्हणजे प्रमोदिनीबाई. मुलींच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या. त्यांच्या गच्चीवर टिनाची खोली आहे, तिच्यात मी दहा महिन्यांपासून राहतो. एका जागी इतका टिकलो याचं माझं मलाच नवल वाटतं.

झालं असं की अमरावतीहून गौरांग वकिलांचा लिफाफा आला. माझा पत्ता माझ्या बहिणीनं, आचलनं, दिला असणार. घरातलं दुसरं कोणी माझ्याशी बोलत नाही, म्हणजे मीच बोलत नाही. आत चार पानं, सगळी इंग्रजी. वर बाबांचं नाव. शेवटच्या पानावर माझं, अंकुर खुशालराव, आणि सहीसाठी रिकामी रेघ. मधे एका ओळीत बाबांच्या नावापुढं एक शब्द होता, तो मला येत नव्हता. त्याच्या पुढचा येत होता. डेड.

मॅडमनी चष्मा लावून वाचलं. "प्रिझ्यूम. क्रियापद आहे. रोजच्या बोलण्यातलं नाही, कचेरीतलं."

"म्हणजे बाबा मेले?"

"मेले असं धरून चालायचं."

"कोणी?"

"कोर्टानं. पण तुझ्या सहीच्या आधारावर."

मी म्हटलं, आधी शब्द समजू द्या, मग सहीचं बघू. त्यांना बरं वाटलं. त्यांची पद्धत अशी की एक क्रियापद धरायचं आणि रोज त्याचं एक वाक्य लिहायचं, पण स्वतःच्या घरातलं. राम आंबा खातो असलं चालणार नाही.

३ ऑक्टोबर

पहिलं वाक्य लिहिलं, मी प्रिझ्यूम करतो की गाडी उशिरा येईल. मी स्टेशनच्या पार्किंगात पावत्या फाडतो, म्हणून सुचलं.

मॅडमनी काट मारली. "भोंग्यावर सांगतात ना तिथं? ऐकल्यावर तुला ठाऊक झालं. ठाऊक असेल ते प्रिझ्यूम करत नाहीत."

दुसरं लिहिलं, माझे बाबा जिवंत आहेत असं मी प्रिझ्यूम करतो.

यावर काट मारली नाही.  मग म्हणाल्या, "वाक्य बरोबर आहे. पण आधार काय? नुसतं वाटतं म्हणून धरायचं असेल तर त्याला अझ्यूम आहे, ते कोणीही उठून करतं. प्रिझ्यूमच्या पायाखाली काहीतरी लागतं."

मी म्हटलं, आहे.

"काय?"

मी म्हटलं, मॅडम, खाली दूधवाला आला वाटतं. दूधवाला आला नव्हता.

५ ऑक्टोबर

बाबांचं लिहून टाकतो, म्हणजे एकदाचं होईल.

२०१८ सालचा फेब्रुवारी. आमचं गाव चांदूर बाजारपासून सहा कोसांवर, संत्र्याची बाग आहे. मी सोळा वर्षांचा. सकाळी मायचं आणि बाबांचं वाजलं. कशावरून ते आठवत नाही, बहुतेक पाण्याच्या पाळीवरून. बाबांनी दुपट्टा खांद्यावर टाकला अन् म्हणाले, बाजारात जाऊन येतो. माय चुलीपासून म्हणाली, "जा. अन् येऊच नका."

ते आले नाहीत. पोलिसात दिलं, पेपरात फोटो दिला, नातेवाइकांचं नाशिकपर्यंत पाहून झालं. सात वर्षं होऊन गेली. सात वर्षं कोणाला काही कळलं नाही तर कायदा माणूस मेला असं धरतो म्हणे. आता विहिरीवर नवीन वीजजोडणी पाहिजे, बाग वाळून राहिली आहे, अन् सातबाऱ्यावर नाव बाबांचं. मेलेल्या माणसाच्या वारसांना जोडणी मिळते. हरवलेल्याच्या कोणालाच नाही.

माय तेव्हा ते बोलली हे पोलिसांना कोणी सांगितलं नाही. मी ऐकलं होतं. २०२१ मधे मी ते तिला तोंडावर म्हटलं आणि घर सोडलं. तिचा फोन लागू नये अशी सोय मोबाइलमधे करून टाकली.

९ ऑक्टोबर

चार दिवस वाक्य नाही. मॅडम रागावल्या. आज गाडीतून एक म्हातारा उतरला, त्याच्या पिंजऱ्यात दोन तितर. तितर बाळगायला बंदी आहे हे मला माहीत, त्याला नाही. त्याच्या मागं मागं दुसऱ्या फाटकापर्यंत गेलो. तिथं वडे गरम होते. परत आलो तर ठेकेदार म्हणाला, "काहून रे, तुले पायाले भिंगरी हाये का?"

खरंच आहे. बडनेऱ्याला स्टेशनवर मोबाइलची कव्हरं विकली. परतवाड्याला बसस्टँडवर उसाच्या चरकावर होतो. कौंडण्यपूरच्या जत्रेत पाळण्याची तिकिटं दिली. रिद्धपूरला यात्रेकरूंच्या चपला सांभाळल्या, ते काम चांगलं होतं, पण एका महिन्यात सगळे चेहरे पाहून झाले अन् कंटाळा आला. मला गर्दी लागते. घरात बसून करायचं काम जमत नाही.

दुपारी दोनच्या गाडीला एक दुपट्टेवाला पाठमोरा दिसला. खांदा तसाच, उजवीकडे उतरलेला. पुढं जाऊन पाहिलं. नव्हते.

११ ऑक्टोबर

आधार.

कोणालाच सांगितलेला नाही, आचललासुद्धा नाही. घर सोडल्यावर दर पोळ्याला मला एक फोन येतो. २०२२, २०२३, मागचा आणि यंदाचा, असे चार झाले. अनोळखी नंबर. मी हॅलो म्हणतो, तिकडून कोणी बोलत नाही. पण ठेवतही नाही. श्वास ऐकू येतो. पहिल्या खेपेला मागं कोणीतरी ओरडत होतं, परतवाडा, परतवाडा. म्हणजे बसस्टँड.

बाबांना पोळ्याचं फार होतं. बैलांची शिंगं स्वतः रंगवायचे, मला हात लावू देत नसत. म्हणून पोळ्यालाच फोन. दुसरं कोण करणार?

मी बोलतो. बाबा, जेवले का. बाबा, मी अकोल्याला आहे. मागच्या वर्षी सगळं बोललो. म्हटलं, बाबा, तुमी काहून येत नाई ते मले मालूम हाये. तिनं येऊ नका म्हटलं. मी बी तिच्याच्यानं घर सोडलं, मी तिचं तोंड पाहत नाही, तुमी फिकीर करू नका. तिकडं श्वास थांबल्यासारखा झाला. मग फोन बंद.

मला वाटलं, आता कधी करणार नाहीत. पण यंदाही आला. त्याच नंबरवरून. म्हणजे त्यांचं एके ठिकाणी बस्तान बसलं असावं.

उलटा लावून पाहिला नाही. का, ते लिहिता येत नाही. लावला अन् भलत्यानंच उचलला तर, असं काहीतरी.

१३ ऑक्टोबर, अमरावती

वकिलांच्या ऑफिसात आचल आधीच बसली होती. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, पांढऱ्या कपड्यांतच आली.

गौरांग वकील माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे, बोलायला नम्र. मजकूर मराठीत समजावून सांगितला. "तुम्ही शपथेवर एवढंच म्हणताय की, वडील हयात असते तर ज्यांना त्यांची खबर लागली असती, त्यांत तुम्ही आहात, आणि सात वर्षांत तुम्हाला कुठलीही खबर नाही. बाकी कायदा बघतो."

"अन् खबर असली तर?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "असली तर हा अर्ज चालत नाही. खोटी शपथ मी तुम्हाला घेऊ देणार नाही. आहे का?"

मी आचलकडं पाहिलं. म्हटलं, विचार करून सांगतो.

बाहेर जिन्यात तिनं मला धरलं. "दादा, तू काय करून राहिला? झाडं जळून राहिली तिकडं. माय टँकरच्या मागं धावते."

"तिले म्हण, तिनंच धाडलं, तिनंच धावावं."

"तिनं सही केली. तुले मालूम हाये का कशी केली? वकिलाले इचारलं, या कागदात कुंकवाचं काही लिहिलं हाये का. ते म्हणाले, नाही. म्हणे, मंग आणा. रुपयाएवढं लावून आली होती." ती जिना उतरायला लागली. मग वर बघून म्हणाली, "तुले भटकाले बाबा पायजे, दादा. आमाले पाणी पायजे."

बसमधे तिचं बोलणं समजलं नाही. भटकायला बाबा कशाला लागतात?

१६ ऑक्टोबर

मॅडमना फोनचं सांगितलं. कोणाला तरी सांगायला पाहिजे होतं. मागच्या वर्षी काय बोललो तेही सांगितलं.

 भेंड्या चिरत होत्या, चिरत राहिल्या. मग शिकवायला लागल्या.

"या शब्दाचा दुसरा वापर सांगते. आरोपीला कोर्ट निर्दोष प्रिझ्यूम करतं. गुन्हा शाबीत होईपर्यंत. लिही."

मी लिहिलं. म्हटलं, याचा आमच्याशी काय संबंध, आमच्या घरात आरोपी कोणी नाही.

"नाही का?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बरं. आणखी एक. प्रिझ्यूम केलेलं कायमचं नसतं. उलट पुरावा आला की मोडतं, आणि मोडू द्यावं लागतं. तुझ्याकडे नंबर आहे. तपासत का नाहीस?"

"तपासतो ना."

"कधी?"

"दिवाळीनंतर."

"अंकुर, तू मला वाक्यं चार दिवसांनी दाखवलीस तर मी ओरडते. याच्यावर ओरडत नाही. पण सही करायची का नाही, हे त्या नंबरावर अडलंय, आणि तो नंबर तुझ्या खिशात आहे."

२१ ऑक्टोबर

दिवाळी. मॅडमनी चिवडा दिला. गच्चीवरून सगळ्या अकोल्याचे दिवे दिसतात. खाली रस्त्यावरून कोणीतरी खाकरत गेलं, अगदी बाबांसारखं, दोनदा लहान अन् एकदा मोठं. मी खाली धावलो नाही. पहिल्यांदाच. पण पाय धावल्यासारखे दुखत होते.

२४ ऑक्टोबर

लावला.

दुपारी पार्किंगातून, गाड्यांच्या मधे बसून. बाईनं उचलला.

"कोण बोलून राह्यले?"

मी म्हटलं, पोळ्याच्या दिवशी या नंबरवरून मला फोन आला होता.

"असन. माह्या फोनवरून अर्धा बाजार बोलते. चहाची टपरी हाये माही, आरतीताईची, चांदूर बाजारले स्टँडवर. तुमी कोण?"

"कोणी माणूस येतो का तुमच्याकडं? साठीचा, दुपट्टेवाला, उजवा खांदा उतरलेला?"

"नाई बावा. पोळ्याच्या दिवशी म्हणता? थांबा थांबा. माणूस नाई, बाई होय थे. चिठ्ठीवर नंबर आणते, मले लावाले सांगते. मोठं कुंकू, रुपयाएवढं. मी म्हटलं, माय, फोन लावून बोलत काहून नाई? तं म्हणे, थो बोलला की झालं."

 आता मीच न बोलणारा झालो होतो.

"हॅलो? मांगच्या पोळ्याले बी आली होती ना. त्या बारी आयकलं, फोन मले देल्ला, अन् बाकड्यावर बसून राह्यली. परतवाड्याच्या दोन बसा गेल्या, उठेच ना. मी चहा देल्ला तं हात नाई लावला. मले वाटे कोणी मेलं का काय. यंदा म्हटलं, आता नाई येत बुढी. तं आली. तुमी कोण लागता तिचे?"

फोन ठेवला.

२५ ऑक्टोबर

कामावर गेलो नाही.

२६ ऑक्टोबर

मॅडमनी विचारलं, वाक्य? मी म्हटलं, नाही सुचत. त्या म्हणाल्या, राहू दे. मग म्हणाल्या, "तुझी आई ऐकायला फोन करत होती ना, तेवढं लक्षात ठेव."

मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्यांना आधीच माहीत होतं की काय?

११ नोव्हेंबर, अमरावती

माय कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली बसली होती. चार वर्षांत लहान झाली आहे. मी समोर उभा राहिलो. तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वाळला."

"नाई वाळलो."

"जेवला का?"

"हो."

मग आचल आली आणि तिच्या बोलण्यानं सोपं झालं.

आत शपथ झाली. वाचून दाखवणाऱ्या कारकुनानं विचारलं, सात वर्षांत वडिलांची काही खबर? माय माझ्याकडं पाहत नव्हती, खिडकीकडं पाहत होती. मी म्हटलं, नाही. सही केली.  

बाहेर आल्यावर आचल झेरॉक्सला गेली. माय म्हणाली, "त्या कागदात थो शब्द कोनता रे, तू शिकला म्हणे त्याच्यासाठी?"

"प्रिझ्यूम."

"म्हणजे का?"

"पाहिलं नाही, पण धरून चालायचं. उलट काही येत नाही तोवर."

 "मी तुले तसंच जिता धरून होती. आचल सांगे, बरा हाये बरा हाये. पण तिचं काय, थे मले बरं वाटावं म्हणून बी सांगन. सालातून एक बार आवाज आयकून घेतला की बस."

मी म्हटलं, "माय, मागच्या पोळ्याले मी फोनवर जे बोललो."

"कवा?"

"मागच्या पोळ्याले. तुले वाटलं असन."

"आयकू नाई आलं काही," माय म्हणाली. "बाजाराचा लय गलका असते तथी." आणि पदरानं माझ्या शर्टावरचं काहीतरी झटकलं. काही नव्हतं तिथं.

१४ नोव्हेंबर, गाव

आलो. ठेकेदाराला कळवलं. बागेत गेलो, निम्मी झाडं पिवळी. हुकूम यायला वेळ लागेल, पण वकील म्हणतात येईल.

माय म्हणते, कोर्टाचं कोर्टापाशी, आपलं आपल्यापाशी. अमावास्येला कौंडण्यपूरला विधी करायचा. शरीर मिळालं नाही तर पळसाच्या देठांचं करून त्याला अग्नी देतात.

ओसरीवर झोपलो होतो. पहाटे बैलाच्या घुंगरांचा आवाज आला. आता आमच्याकडं बैल नाहीत. मायही जागी होती. तिनंही ऐकलं का, विचारलं नाही.

२० नोव्हेंबर, कौंडण्यपूर

हरिहर गुरुजींनी वर्धेच्या काठी पळसाचे देठ मांडले. तीनशे साठ लागतात म्हणाले, इतके डोक्याला, इतके छातीला, इतके पायांना. डोक्याच्या जागी नारळ. मी एक एक देठ देत होतो अन् समोर माणूस होत होता. उजव्या खांद्याचे देठ मायनं हातानं थोडे खाली सरकवले. गुरुजींनी पाहिलं आणि पुढचे देठ मागितले.

मग तिनं विचारलं, "अन् हे सारं झाल्यावर आले तं?"

गुरुजी म्हणाले, "त्याचाही विधी आहे, पार्बताबाई. माणूस परत आला तर नव्यानं जन्मला असं धरतात. जातकर्म, बारसं, सगळं पहिल्यापासून. बायकोशी लग्नही पुन्हा."

"लग्न बी?"

"पुन्हा."

"मंग इचार करा लागन," माय म्हणाली. आचल हसली, गुरुजीही हसले. "अन् हा माहा पोट्टा चार वर्सांनं आला, याचं बारसं कराचं का?"

"त्याचे देठ कुठं मांडले होते तुम्ही?"

"नाई मांडले," माय म्हणाली.

अग्नी द्यायच्या आधी गुरुजी म्हणाले, शेवटची हाक मारायची असेल तर आता. नंतर हाक मारायची नाही, मागं वळून पाहायचं नाही. आचलनं मारली. मायनं मान हलवली, म्हणाली, मी मांगंच बोलून बसली जे बोलाचं थे, आता अंकुरले मारू द्या.

मी पाण्याकडं तोंड करून उभा राहिलो. नदीला पाणी थोडंच होतं, पलीकडे कोणीतरी म्हशी धूत होतं. चार वर्षं मी बाबांना इतकं बोललो होतो, आता तोंडातून निघेना. घसा खाकरला. माझाच आवाज, दोनदा लहान, एकदा मोठा.

"बाबा," मी म्हटलं. "ओ बाबा."

पलीकडून काही आलं नाही. मी थांबलो. फोनवर थांबायचो तसाच.

मग मागून, माझ्या खांद्याच्या अगदी जवळून, माय हळू म्हणाली, "आयकून राह्यली मी. बोल."